मनगटावरचा व्हॅनिला

सांगते, पण हसू नका. नव्वदच्या दशकात आम्ही देवळाली कॅम्पला राहायचो. दिरांनी दुबईहून मला सेंट आणलं. सकाळी मनगटाला लावलं, तर लवंग-दालचिनीचा असा झणका आला की मी हात धुतला आणि विसरूनही गेले.

दुपारी स्वयंपाकघरात व्हॅनिलाचा गोड वास. सहा वर्षं आमच्याकडे कामाला असलेल्या कमलमावशींना मी सरळ विचारलं, "केकचं इसेन्स घरी न्यायला काढलंत ना? सांडलंय ते."

त्यांनी फडताळातून इसेन्सची सीलबंद बाटली काढून ओट्यावर ठेवली. मग हळूच म्हणाल्या, "ताई, वास तुमच्या हाताला हाय."

मी मनगट हुंगलं. सकाळच्या सेंटातली लवंग केव्हाच उडाली होती, कातडीवर नुसता व्हॅनिला उरला होता.

माफी मागायला तोंड उघडलं आणि बाहेर आलं, "बरं, भांडी घासून घ्या."

त्यांनी घासलीही.