तळ्याकाठची राखलेली जागा

आमचे बाबा इंजिनियर, पण त्या सहलीला ऊन फिरतं हे साफ विसरले! मस्कतच्या बागेत, तळ्याकाठच्या मोठ्या झाडाखाली त्यांनी सकाळीच चटई अंथरली आणि मला बसवलं. “मी दार्सैतच्या घरून बाकीच्यांना घेऊन येतो. काही झालं तरी हलायचं नाही.”

अकरापर्यंत सावली सरकत शेजारच्या ओमानी आजोबांकडे गेली. मी उन्हात भाजत बसले.

“बेटी, इधर आओ,” आजोबा म्हणाले.

मी कशीबशी पुटपुटले, “बाबाने हिलने को मना किया है.”

आजोबांनी आपल्या दोन्ही मुलींना हाक मारली. “यल्ला!” म्हणजे ‘चला!’ तिघांनी चटईची टोकं धरली आणि मला बसल्या बसल्या सावलीत ओढलं.

तेवढ्यात बाबा आले. “हलू नकोस म्हटलं होतं ना?”

“मी नाही हलले, बाबा. चटई हलली.”