डॉलीसकट घर

ओहायोतील त्या विमा कचेरीत प्राध्यापक हॅस्कल आपल्या पाळीची वाट पाहत होते. समोर एजंट गॅरेट आणि त्याची ग्राहक लोरेन बोलत होते.

“घरात अजगर आहे, हे कंपनीला कशाला सांगितलंस? आता ते तुझ्या घराचा विमा बंद करतायत.”

“विचारलं, म्हणून सांगितलं. घरावर कर्ज आहे, विमा गेला तर बँक घर घेईल, गॅरेट. आणि डॉलीला मी सोडणार नाही.”

“कधी कुणाला चावलीय का?”

“आळशी आहे ती. फ्रीजरमधला उंदीरही गरम करून द्यावा लागतो.”

“तिच्या पेटीला कुलूप?”

“आहे की.”

“मग दुसरी कंपनी विमा देईल. कुलपाचा फोटो तेवढा पाठव.”

“डॉलीसकट?”

“डॉलीसकट. बोला प्राध्यापक, तुमचं काय?”

“आमचा कुत्रा पोस्टमनला पुन्हा चावला.”

“त्यात काय, कुत्रा घराच्या विम्यात धरलेलाच असतो.”

लोरेन दारात थांबली. “पोस्टमनला म्हणावं, आमच्याकडे बिनधास्त ये.”