झालेल्या कामाचं नाव

सांगली स्टँडवर कुंडलच्या गाडीची वाट बघत होतो. शेजारच्या बाकावर एका तरुण बाईच्या मांडीवर लॅपटॉप उघडा होता आणि तिचा नवरा सारखी उठबस करत होता. दोघं एकाच कंपनीत सॉफ्टवेअर लिहिणारे.

“आवं, बसा की. दवाखान्याच्या सॉफ्टवेअरचं सगळं काम मी केलं, आन् गिटच्या नोंदीत प्रत्येक बदलापुढं नाव ‘ऋषिराज’ कसं?”

“हा लॅपटॉप आधी माझा न्हवता का? सेटिंगमधी माझंच नाव राहिलंय.”

“तुमाला ठावं होतं?”

“गेल्या महिन्यात दिसलं.”

“आन् गप बसला?”

“आता बदल की, क्रांती. पुढच्या कामावर तुझंच नाव पडंल.”

“आन् झालेल्या कामावर?”

“ते बदलायचं तर सगळ्या टीमला सांगाय लागतंय.”

“मग सांगा. त्याच कामावर साहेब तुमाला टीम लीड करायला निघाल्यात.”

“घरातच येतंय की पद. तुझं काय न् माझं काय!”

“तसं आसंल तर माझं होऊ द्या.”

तो उठला, फलाटापर्यंत जाऊन परत आला आणि फोन लावला.

“सर, ऋषिराज बोलतोय. गिटवर नावाचा जरा गोंधळ झालाय...”

“गोंधळ न्हाई. माझं नाव सांगा.”

“सर, दवाखान्याचं काम माझं नाही. क्रांतीनं केलंय. मला माहीत होतं.”

तिकडचं ऐकून त्यानं फोन कानापासून लांब धरला.

“काय म्हणत्यात?”

“फोन तुझ्याकडं दे म्हणत्यात.”

“थांबा जरा. आधी ह्यो लॅपटॉप धरा.”