नारळावर हात ठेवायच्या आधी

जबाब

मी नवनीत दोधू पाटील, वय २१ वर्षे, धंदा टेम्पोचालक, शिक्षण बी.एस्सी. दुसरे वर्ष अर्धवट, रा. कोरीट, ता. जि. नंदुरबार. अमृतलालशेठ यांनी माझ्याविरुद्ध दिलेल्या तक्रारीबाबत मला आज ठाण्यात बोलावून समक्ष विचारले, त्यावरून सांगतो ते असे की,

मी वरील ठिकाणी आईवडिलांसह राहतो. दीड वर्षापासून अमृतलालशेठ यांच्या मिरचीच्या धंद्यावर टेम्पो चालवतो. धानोरा रस्त्याला त्यांची पथारी आहे, म्हणजे मिरची वाळवायचे मैदान. तिथे बायका मिरची निवडतात, देठ खुडतात. शेजारी चक्की आहे. दुकान शहरात आहे. कॉलेज मध्येच का सोडले असे विचारल्यावरून सांगतो की, त्याचा या प्रकरणाशी संबंध नाही. टेम्पोला शहरात याहून चांगली भाडी मिळत होती. मी पथारीचेच काम घेतले. एवढेच लिहावे.

यंदा अवकाळी पावसात पथारीवरची बरीच मिरची भिजली. भिजलेली मिरची पांढरी पडते, बुरशी धरते. तिला फटकी म्हणतात. ती फेकायची असते. शेठने ती चक्कीत घातली आणि वरून तेल व लाल रंग मिसळला. रंगाचे डबे मी स्वतः टेम्पोतून उतरवले आहेत. ती पूड पुड्या बांधून खापर गावच्या बाजाराला जाते आणि तिथून डोंगरातल्या घरोघर. शेठच्या घरी मात्र चांगली मिरची वेगळी निवडून जाते. ते पोतेही मीच पोचवतो. पथारीवरील एका बाईने ते पोते बघून मला विचारले, "तेस्ना घरमा चालस नही, मंग डोंगरवालास्ना घरमा कशी चालस?" मी ते पोते पोचवून आलो.

मागच्या आठवड्यात माल घेणाऱ्या बाहेरगावच्या कंपनीचा तपासणीस आला. त्याने बायकांना शेडखाली बसवून सांगितले, "काही गैर चालत असेल तर एकेकटीने येऊन सांगा. घाबरू नका, गोष्ट माझ्या पोटात राहील." वर उल्लेख केलेल्या बाईने विश्वास ठेवून फटकीचे सगळे सांगितले. दुपारी तपासणीस शेठच्या घरी दालबाटी जेवला. त्याला स्टेशनवर सोडायचे म्हणून मी ओसरीत थांबलो होतो. तो हात पुसत शेठला म्हणाला, "तुमच्या बायकांपैकीच एक बोलली बरं का. सांभाळून घ्या." त्याच्या पोटात बाटीला जागा झाली, गोष्टीला झाली नाही. तिचे नाव त्याने विचारले नव्हते, म्हणून तेवढे वाचले. त्याला मी टेम्पोतून स्टेशनवर सोडले. रस्त्यातला खड्डा मात्र एकही चुकवला नाही.

शनिवारी मुकादम रेवजी याने पथारीवर सगळ्यांना उभे करून सांगितले, "मंगयवारले कानबाईना नावना नारय मांडसू. समद्यास्नी हात ठी आन लेवानी, मी बोलनू नही म्हनीसन." म्हणजे कानबाई देवीच्या नारळावर हात ठेवून प्रत्येकीने शपथ घ्यायची. जी हात ठेवणार नाही तिला पथारी बंद, आणि तिच्या बापाला घरी जाऊन सांगू की पोरगी परक्या माणसाशी एकटी काय बोलत बसते, असेही तो म्हणाला. फुलवंताबाई म्हणून वयस्कर बाई आहेत, त्या म्हणाल्या, "आम्हना हात पहिलेथीनच लाल शेतस भो, नारयले कसं समजी?" सगळ्या हसल्या. एक हसली नाही.

संध्याकाळी मी त्या बाईला नळाजवळ गाठून म्हणालो की खोटी आन घे, देवी समजून घेईल. ती म्हणाली, "माले कानबाईनी खोटी आन लेता येस नही." मग म्हणाली, "आनि तू मधमा पडू नको. तुन्हं तोंड म्हंजे तालुकाना भोंगा शे." तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होते. पथारीवर सगळ्यांच्याच डोळ्यांत असते, त्यामुळे त्यावरून काही सिद्ध होत नाही.

रविवारी चक्की पेटवून द्यावी असे माझ्या मनात आले होते. पेटवली नाही. बायकांचे काम गेले असते. नुसत्या विचाराला कलम असेल तर लावावे.

सोमवारी दुपारी मी शेठच्या दुकानात गेलो. गिऱ्हाईक भरपूर होते, खापरचे दोन दुकानदारही होते. गर्दीची वेळ मुद्दाम निवडली का असे विचारल्यावरून सांगतो की, होय. गादीवर शेठच्या आई झमकूबाई माळ ओढत बसल्या होत्या. मी शेठच्याच मालाची पुडी फोडून चमचा भरला व शेठसमोर धरला.

शेठ म्हणाले, "पिऊन आला का रे नवनीत?"

मी म्हणालो, "ताक पिऊन आलोय शेठ. तुम्ही एक चमचा खा, मी तुमचे पाय धरून जातो."

"माझ्याच दुकानात मला शिकवतो? निघ इथून!"

"खापरच्या लोकांची पोरं खातात. तुम्हाला काय तिखट लागतं?"

लोक बघायला लागले. शेठ रागाने लाल झाले. त्यांनी माझ्या हातातून चमचा हिसकला आणि तोंडाकडे नेला. तेवढ्यात झमकूबाई माळ टाकून उठल्या, त्यांनी मुलाचा हात धरला आणि मोठ्याने म्हणाल्या, "अरे अमरत, आ तो बेचण री है, खावण री कोनी!" म्हणजे ही विकायची आहे, खायची नव्हे. हे दुकानातल्या सगळ्यांनी ऐकले. खापरच्या एका दुकानदाराने बांधलेला माल तिथेच खाली ठेवला. झमकूबाईंबद्दल माझी काही तक्रार नाही. आईने पोराला वाचवले.

नंतर दुकानातच असलेल्या रेवजीने मला ढकलले. मी त्याची गचांडी धरली. दोनदा धरली. तक्रारीत एकदाच लिहिले आहे, ते दुरुस्त करावे. झटापटीत काचेची बरणी फुटली, ती माझ्या कोपराने फुटली.

तिथून मी टेम्पो घेऊन पथारीवर गेलो. मंगळवारचा नारळ मुकादमाच्या खोलीत कोनाड्यात ठेवला होता. तो मी उचलला आणि बाहेर दगडावर आपटला. नारळ चोरला असे तक्रारीत आहे, ते खोटे आहे. मी फोडला. माझ्या मनात देवी नव्हती, राग होता. बायका घाबरून मागे सरकल्या. तेव्हा फुलवंताबाई पुढे आल्या, त्यांनी तुकडे पदरात गोळा केले आणि वाटायला लागल्या. "कानबाईना परसाद शे, टाकता येस नही. खा समद्याजनी. आनि जी खाई तिन्ही जीभ बांधाई गई. आते आपलामाथीन कोन्हंच नाव कोन्ही लेवानं नही." सगळ्यांनी खाल्ले.

मला झाल्याचा पश्चात्ताप आहे का असे विचारले. बरणीचा आहे. शेठ ती पूड भर बाजारात चमचाभर खातील त्या दिवशी मी बाजारात उभा राहून माफी मागेन, त्याआधी नाही. रेवजीची कधीच मागणार नाही. मला आत घालायचे तर घालावे, पण चक्कीवरची उरलेली फटकी आज रात्रीत हलवली जाईल, तिच्यावर आधी शिपाई बसवावा. न फोडलेल्या दोन पुड्या मी हजर करत आहे.

तपासणीसाला सांगणारी बाई कोण, असे मला तीन वेळा विचारले. मला माहीत आहे. या जबाबाची नक्कल शेठच्या वकिलाला मिळते हेही माहीत आहे. अन्न तपासणीचे सरकारी साहेब बंद दाराआड, एखाद्या बाई अधिकाऱ्यासमोर, नाव कुठेही न जाण्याची खात्री देऊन बोलावतील, तर ती यायची की नाही ते तिचे ती ठरवेल. भोंग्याने एवढे तरी शिकावे.

शिवाय मला आता सांगताही येत नाही. बायकांचे वाटप झाल्यावर मी टेम्पोजवळ उभा होतो. मला कोणी विचारले नव्हते. तेव्हा एका बाईने येऊन आपल्या तुकड्यातला अर्धा मोडून माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाली, "तू बी खाय. मंग पाहूत तुन्ही जीभ." मी खाल्ला. सगळा नाही. थोडा खिशात आहे. तो मुद्देमालात घेऊ नये.

हा जबाब हवालदारांनी मला मोठ्याने वाचून दाखवला, तो मी बोललो तसाच उतरला आहे. शेवटची दोन वाक्ये कामाची नाहीत, गाळू का, असे त्यांनी विचारले. मी राहू द्या म्हणालो. खाली सही करतो.

नवनीत दोधू पाटील