शाळेचे दहा

लेक : पान सव्वीस. खालून तिसरी ओळ. तेवढंच वाचा, फादर. मोठ्यानं.

फादर : "मनोऱ्यावरील घड्याळ बरीच वर्षे सकाळी मागे पडत असे. चावी देणाऱ्या सेवकाचा हलगर्जीपणा हे त्याचे कारण होते."

लेक : तो सेवक म्हणजे माझे बाबा.

फादर : मी नाव लिहिलेलं नाही.

लेक : चाळीस वर्षं एकच माणूस चावी देत होता. नाव कशाला लागतंय?

छापखानेवाला : फादर, मावशी आमच्याकडे पुस्तकं शिवतात. तुमची नमुना प्रत शिवताना हे वाचलं आणि सुईच खाली ठेवली. तिकडे मशीन उभं, माणसं हातावर हात धरून बसलीत. काय ते ठरवा, सही करा, की मी सुटलो.

फादर : हे पाहा बाई, शाळेचा शंभर वर्षांचा इतिहास मी ऐकीव गोष्टींवर लिहिलेला नाही. तपासणी अधिकाऱ्यांचे शेरे आहेत. तीन वेगवेगळ्या वर्षांचे.

लेक : त्यात दुपारचं काय लिहिलंय?

फादर : दुपारी... "वेळ बरोबर."

लेक : आळशी माणसाचं घड्याळ सकाळी मागे आणि दुपारी बरोबर? रोज?

छापखानेवाला : मुद्दा आहे.

फादर : तुम्ही जरा थांबा हो.

लेक : बाबा लंबक धरून ठेवायचे. हातानं. मी खिडकीत उभी. वसतिगृह नव्हतंच आपल्याकडे. नदीपलीकडची मुलं होडीनं यायची, धक्क्यावरून धावत सुटायची. शेवटचा फाटकात शिरला की मी म्हणायची, "आला." मग बाबा लंबक सोडायचे. मग दहा वाजायचे.

फादर : आणि दुपारी?

लेक : बाराच्या प्रार्थनेआधी काटे पुढे सारायचे. बाबा म्हणायचे, शाळेचे दहा आपले, बारा देवाचे. तिथं चलाखी नको.

फादर : कुणाच्या परवानगीनं?

लेक : कुणाच्याच नाही. एकदा तेव्हाचे मोठे फादर जिना चढून वर आले. झगा धुळीनं माखलेला, धाप लागलेली. बाबांचा हात लंबकावर. मी रडायच्या बेतात. त्यांनी हाताकडे पाहिलं, खिडकीतून खाली पाहिलं आणि आले तसे उतरून गेले. दुसऱ्या दिवशी वर खुर्ची आली.

फादर : खुर्ची?

लेक : बसून धरायला. अजून आहे वर. पाठीवर शाळेचा शिक्का आहे. तुम्हाला पुरावा हवा ना?

फादर : होडी रोज इतकी उशिरा यायची?

लेक : होडी वेळेवर यायची. बाकीची मुलंही. एकच कार्टं मागे राहायचं. निळं दप्तर, पट्टा तुटलेला, तिथं सुतळी. धक्क्याच्या मधोमध उभा राहून पाण्यात बघत बसायचा. पाच मिनिटं, कधी आठ. मग झोपेतून उठल्यासारखा धूम पळायचा.

(फादर चष्मा काढून टेबलावर ठेवतात.)

फादर : सुतळी आईनं बांधली होती.

लेक : वाटलंच मला.

फादर : आल्या आल्या का नाही बोललात?

लेक : पान तीनही वाचलंय मी. "सात वर्षांत एकदाही उशीर न झालेला विद्यार्थी." पदकाचा फोटो छापलाय तुमच्या. म्हटलं, आपली एक ओळ गेली तरी पुष्कळ. दुसऱ्याचं पदक कशाला काढून घ्या.

छापखानेवाला : काढायचं ते काढा, फादर, पण जेवढं काढाल तेवढं भरा. नाहीतर पानं खालीवर होतात, मग मालक मला खालीवर करतो.

फादर : पान तीनवरचं ते वाक्य काढा. फोटोही.

छापखानेवाला : फोटोच्या जागी?

फादर : खुर्चीचा फोटो. वर जाऊन काढून घ्या. आणि सव्वीसवर लिहा : "सकाळी घड्याळ मागे पडत नसे. शेवटचा मुलगा फाटकात येईपर्यंत ते थांबवले जात असे." कोण थांबवत असे, ते नाव या बाई लिहून देतील.

लेक : द्या पेन. अक्षर माझं वाकडं आहे, सांभाळून घ्या.

छापखानेवाला : जुळणीत सरळ होतं मावशी, लिहा तुम्ही.

फादर : मला आयुष्यभर वाटत होतं, मी फार वेगानं धावायचो.

लेक : धावायचातच की. चपला हातात घेऊन. पण एक सांगा, एवढं काय बघायचात पाण्यात?

फादर : मनोरा. उलटा दिसायचा. त्यातलं घड्याळ बघत राहायचो, काटे हलायचेच नाहीत. कुणाला सांगितलं नाही, हसले असते. मला वाटायचं, पाण्यात वेळ थांबतो.

लेक : पाण्यात नाही, फादर. बाबांच्या हातात.