गळती वरून आहे

नाही नाही, साहेब, तुम्ही तिकडे सावलीत उभे राहा, शर्ट पांढरा आहे तुमचा — माझाही आहे, पण माझं सोडा — आणि घाबरू नका, मी काही खोलत-बिलत नाही, नुसता बघतो. वर दाल-पकवान संपायला अजून अर्धा तास आहे. तुमच्या मिसेस आणि आमची ही बोलतायत, तुमचा सम्यक आणि आमची संध्या माना खाली घालून बसलेत, आपण दोघं बाप तिथं बसून काय करणार? पंखा बघणार? बघतच होतो मी पंखा. मग खिडकीतून खाली नजर गेली — तुमची फियाट, आणि तिच्याखाली तेलाचा डाग. पहिलं पकवान मोडलं तेव्हा बशीएवढा होता, दुसरं उचललं तेव्हा ताटाएवढा. आता तुम्हीच सांगा, मुलगी बघायला आलेल्या पाहुण्यांची गाडी मुलीच्या दारात गळतेय आणि मुलीचा बाप वर बसून खातोय — शोभतं का? नाही शोभत. घास उतरेना. म्हणून म्हटलं, चला साहेब, पान खाऊन येऊ. पान कुठलं! मी पान खातच नाही.

काय म्हणालात? मेकॅनिकनं सांगितलं, मागचा ऑइल सील गेलाय, इंजिन उतरवावं लागेल? हां. सगळे तेच सांगतात. का सांगतात? कारण तेल मागच्या बाजूला खाली ठिबकतंय. अहो, पण तेलाचं पाण्यासारखंच असतं — छत वर फुटतं, पाणी भिंतीवरून ओघळत कोपऱ्यात डबकं करतं, आणि आपण कोपरा खणत बसतो. जिथं दिसते तिथं गळती नसते, साहेब. गाडी पळते तेव्हा वारा तेलाला मागं ढकलतो, वरून निघालेला थेंब सगळं इंजिन फिरून मागं खाली पोचतो. वास येतोय ना, जळकट? तेल गरम पाइपवर पडतंय. पाइप कुठं आहे? वर. खालचा सील गेला असता तर तेलानं काय वर उडी मारली असती? — मला कसं माहीत? नाही, म्हणजे — भीमरावांनी स्थळ सुचवताना सांगितलं असेलच की, मुलीचे वडील ऑटोमोबाईल लाइनमध्ये, बिझनेस आहे. बिझनेसच. — ती? ती चादर वाळत घातलीय. हो, बोर्डावरच, ऊन तिथंच लागतं. आता वाऱ्यानं जरा उडतेय — "येथे सर्व प्रकारच्या" एवढंच दिसतंय ना? बस. एवढंच पुरे.

बरं, सांगून टाकतो. गॅरेज आहे. किसन गॅरेज, तो किसन मीच. तीन दिवस आमची ही माझी नखं घासतेय — लिंबानं, मग राखेनं, मग परत लिंबानं. म्हणाली, पाहुणे बेलवलीचे, सोसायटीत राहणारे, वडील वाहतूक खात्यात अधिकारी, पोरगा ठाण्याला कंप्युटरवर, स्वतःची गाडी घेऊन येतायत — त्यांच्यासमोर हात खिशात ठेवायचे. मी म्हटलं, खिशात हात ठेवून चहा कसा पिऊ? म्हणाली, पिऊ नका. आणि संध्या — ती उलट भांडली. रक्त तपासते ना ती लॅबमध्ये, एकदम सरळ पोरगी — म्हणाली, बाबा, ती चादर काढा, नाहीतर मी बाहेरच येणार नाही. आली, पण चादरीवरून माझ्याशी अजून बोलत नाही. थांबा, शटर अर्धंच उचलतो. आवाज झाला तर म्हणा, शेजारच्या सिंधी शेठचं दुकान उघडतंय.

हे बघा, हे रॉकेल. आधी सगळं धुऊन काढायचं. माखलेल्या इंजिनावर गळती शोधायची म्हणजे होळीच्या दिवशी कपड्यावरचा डाग शोधण्यासारखं. वरपासून खालपर्यंत पुसायचं, कोरडं करायचं — आणि मग मारायची पावडर. हसू नका. ही तोंडाला लावायची पावडर. थांबा, आणतो, मागच्या दारानं जातो.

— हां, आलो. ही घ्या. आज सकाळीच नवा डबा फोडलाय. आमची ही मोरीपाशी भेटलीच, म्हणाली डबा कुठं नेता? म्हटलं, साहेबांना घामोळं आलंय. चुकलं का काही? सॉरी हां, दुसरं सुचलं नाही. आता बघा — फूऽ — झालं इंजिन नवरदेवासारखं. मारा स्टार्टर. चालू द्या पाच मिनिटं, जरा रेस ठेवा. जिथून तेल निघेल तिथं पावडर ओली होणार, काळी रेघ उमटणार. पावडरीला खोटं बोलता येत नाही. माणसाला येतं, मेकॅनिकला तर फारच येतं. — खाली बघा, मागचा सील. कोरडा! पांढराशुभ्र! उतरवा म्हणे इंजिन. आता वर बघा, या झाकणाच्या काठाला, टॅपेट कव्हर म्हणतो आम्ही — आली? आली ना रेघ? ही इथून निघाली, अशी मागं वळली, चालली खाली. बंद करा. वरून आहे, साहेब, गळती वरून आहे!

पॅकिंग गेलंय, बस. आता खोलावं लागेल — हो, नाही म्हटलं होतं मी, पण आता सापडल्यावर न खोलता राहायचं म्हणजे... चार नट तर आहेत. हा बघा बुचाचा पट्टा, पापडासारखा वाजतोय. पण नुसतं पॅकिंग बदललं तर महिन्यानं परत तेच. का? तर पॅकिंग फुटलं कशानं, ते बघायला पाहिजे. इंजिनालाही श्वास सोडायला लागतो. आत वाफ होते, दाब होतो, तो या रबरी नळीतून बाहेर जातो — ब्रीदर. नळी चोंदली की दाब कुठं जाणार? जिथं कच्चं सापडेल तिथून तेलाला घेऊन बाहेर. आमच्या हिचंही तसंच आहे, बोलू दिलं नाही की भांडी आपटते. काढू या नळी... अरारा. बघा हे. तेल आणि त्यात माती. वाळून दगड झालाय. हा चिखल हो, साधी धूळ नाही! कुठल्या गाढवानं हे इंजिन खोललं होतं? सगळं साफ केलं आणि नळीत फुंकर मारायला नको? तोंडात काय पान होतं? असल्या माणसाच्या हातात पाना देऊच नये. असल्या माणसाला...

...

नाही, काही नाही. आठवलं जरा.

त्या गाढवाला ओळखतो मी. आता काय लपवायचं — मीच तो. गेल्या वर्षी पूर आला ना, तेव्हा ही गाडी दोन दिवस पाण्यात होती, दोरानं ओढत आणली अंबरनाथहून. बॉनेटमधून दोन मासे निघाले होते, एक तर जिवंत होता. सगळं इंजिन मी खोललं, धुतलं, बांधलं, आणि ही एक नळी — राहिली. त्या दिवसांत ओळीनं अठरा गाड्या उभ्या होत्या दारात. पण ते काही कारण नाही. चूक ती चूक. कमळाकरला सांगा, किसननं स्वतः कबूल...

साहेब. बसा. अहो, बसा ना त्या टायरवर.

गाडी कमळाकरची हे मला आधीच कळलं होतं, फक्त पुरात ती मीच बांधली होती ते हा चिखल बघून आठवलं. तुम्ही गल्लीत वळलात तेव्हाच, आवाजावरून. कमळाकर लग्नाकार्याला देतो आपली गाडी, सगळ्यांना माहीत आहे, चांगला माणूस आहे. मी बोलणार नव्हतो, जिभेवरून घसरलं. त्यात काय लाजायचं? वर ज्या सोफ्यावर तुम्ही बसला होतात ना, तो शेजारच्या वृंदाताईंचा. तुमच्या कपाचा कान लालसर होता? तो सेटही त्यांचाच. भिंतीवरचं घड्याळ तेवढं आमचं, आणि ते बंद आहे. — काय? नाही नाही, असं उठू नका. सम्यकला हाक मारू नका. निघता कसे? गाडीचं डोकं उघडं आहे, कव्हर माझ्या हातात. मी अडवत नाही हो, इंजिन अडवतंय. नळी साफ करतो, नवं पॅकिंग बसवतो, शेलॅकचा डिंक लावतो, तो धरायला वीस मिनिटं लागतात, मग खुशाल जा. वीस मिनिटं रागावून बसा, पण बसा.

माझ्या एका सोफ्यापायी पोरांचं का मोडता? एवढ्या मुश्किलीनं जुळलंय ते. वर्षभर तुमचा पोरगा दर रविवारी स्कूटर घेऊन येतोय — एकदा क्लचची वायर, एकदा प्लग, एकदा म्हणे हॉर्नचा आवाज गोड येत नाही. अहो, बेलवलीपासून इथं आमच्या वस्तीपर्यंत, कॅम्प पाचपर्यंत बारा गॅरेजं लागतात! पहिल्यांदा आला, वाकून जयभीम काका म्हणाला, आणि नजर माझ्या डोक्यावरून जिन्याकडे. मी काय आंधळा आहे? प्लग काढायचो, पुसायचो, तोच परत लावायचो. भीमरावांना मध्ये घालायचं डोकंसुद्धा त्या दोघांचंच, म्हणजे घरच्यांना वाटावं की...

तुम्हाला माहीत नव्हतं.

अरे देवा. हे तर मला मेलो तरी सांगायचं नव्हतं. संध्यानं शपथ घातली होती. साहेब, माझं तोंड म्हणजे — हेच बघा ना, ब्रीदर चोंदला की बरा असतो माझा. तुम्ही रागवा, पण पोरावर नाही, माझ्यावर. पोरगा लाखात एक आहे. पुराच्या दिवसांत आठवडाभर माझ्याबरोबर चिखल उपसत होता, स्कूटर मोडलीय म्हणून सांगून. तुम्हाला काय सांगितलं होतं? ऑफिसात जादा काम? हां. तेच काम. आणि मला खरं सांगायचं तर, साहेब, त्या पोराला माझे हात माहीत आहेत. त्यानं कधी तोंड वाकडं केलं नाही. मीच आज लपवले. तीस वर्षं कुणापासून लपवले नाहीत, याच हातांनी पोरीला शिकवलं, आणि आज खिशात घातले. संध्या बोलत नाही ते बरोबरच आहे.

द्या तो पाना, शेलॅक सुकलाय आता. नट आवळतो आणि — असू द्या, तुम्ही कशाला? शर्ट... अहो, तुमचा शर्ट! बरं, घ्या. पण एका बाजूनं आवळू नका, आधी समोरासमोरचे — हां, तसेच — थोडा हा, थोडा तो — जास्त जोर नको, बूच चुरतं — तुम्हाला कुणी शिकवलं हे? एवढा हलका हात? साहेब, अधिकारी लोक नट उलटा फिरवतात. तुम्ही नक्की वाहतूक खात्यात काय —

काय?

एसटीत? ड्रायव्हर? विठ्ठलवाडी डेपोत सव्वीस वर्षं? ... म्हणजे वाहतूक खातं हे काही खोटं नाही म्हणा. अहो, मग हे तुम्हाला — ब्रीदर तुम्हाला माहीत होता? कधीपासून? बेलवलीहून निघतानाच? वासावरून? आणि मी इथं तासभर तुम्हाला छप्पर आणि भिंत आणि कोपरा सांगतोय! पावडर सांगतोय! मला थांबवलं का नाहीत? — मिसेसनी ताकीद दिली होती? इंजिनाचा विषय काढायचा नाही? हात पाठीमागे बांधून उभं राहायचं? ... आई गं. थांबा, पोट दुखायला लागलं. तुम्ही हात पाठीशी, मी हात खिशात, आणि गाडी कमळाकरची! बसा हो, बसा त्या टायरवर, हसून घ्या, मीपण बसतो, शर्टाचं काय राहिलंय आता.

मारा स्टार्टर, नरेंद्रराव — आता साहेब नाही म्हणत तुम्हाला. वा. काय बोलतेय बघा. काठावर बोट फिरवा — कोरडं? मागं बघा — कोरडं. झालं काम. आता उघड सांगा, हो का नाही? पोरांबद्दल विचारतोय, गाडीबद्दल नाही. — मान हलवली म्हणजे काय समजू? हो? तोंडानं म्हणा. म्हणा हो. ... बस. बस झालं. नाही, रडत नाही, रॉकेल गेलं डोळ्यात. द्या इकडे, ती चादर आधी ओढून काढतो. ही घ्या, याच चादरीला हात पुसा.

कोण — वर खिडकीत? दोघी? अगं नाही, काही नाही, पाहुणे नुसते बघत होते! हो, डबा माझ्याकडेच आहे! नाही, घामोळं बरं आहे त्यांचं! — आल्या. जिना उतरतायत, ऐकू येतंय ना? तुमच्या पुढे आहेत, आमची मागे. नरेंद्रराव, मी आज फार बोललो. आता तुमची पाळी, दोघींना काय ते तुम्हीच सांगा. मी एक शब्द बोलणार नाही.