दुसऱ्या कडव्यातला श्वास

दवाखान्यात मी नंबरची वाट बघत होते. गणवेशातली एक मुलगी पोस्टरांची गुंडाळी घेऊन आली आणि खिडकीतल्या मावशींशी बोलू लागली.

“मावशी, हे लावू इथे? नाट्यगृहात आमच्या शाळेचा गाण्यांचा कार्यक्रम आहे. मोठ्या गायिका येणारेत.”

“लाव की. तू काय गाणार?”

“मी पडदा ओढणार. गाणं माझंच होतं, पण आता त्या गातील. नाहीतर लोक येत नाहीत म्हणे.”

“आणि तूच पोस्टरं लावत फिरतेस? धन्य आहेस बाई!”

“रिकाम्या खुर्च्यांपुढे का गायचं त्यांनी? शिवाय चाल शिकायला बाईंनी त्यांना माझंच रेकॉर्डिंग पाठवलंय.”

“मग?”

“त्यात दुसऱ्या कडव्यात मला दम लागला होता. मी मध्येच थांबले होते.”

“बरं, मग?”

“त्याही तिथेच थांबतात का, ते पडद्यामागून ऐकणारे मी. चिकटपट्टी देता?”